मानेखालचा बंब

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममधल्या उत्तरेकडच्या खिडकीला कडी नव्हती. एके काळी होती. तांबोळी बाईंनी ती स्क्रू ड्रायव्हर लावून काढली, प्राणिशास्त्राच्या कपाटात फॉर्मॅलिनमधल्या बेडकाशेजारी ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या पर्समध्ये असे. त्यामुळे ती खिडकी बाराही महिने उघडी राहायची, आणि डिसेंबर-जानेवारीत नदीवरून निघालेला वारा नारायण पेठेच्या दोन गल्ल्या ओलांडून थेट माझ्या मानेवर येऊन बसायचा. माझी खुर्ची बरोबर त्या खिडकीखाली होती. ती माझ्याच वाट्याला कशी आली, हे मला कधी कळलं नाही. बाईंना माहीत असावं.

मी पदार्थविज्ञान शिकवत असे. थंडीशी माझं लहानपणापासूनचं वैर. दिवाळीचे फटाके वाजायचे थांबले की माझा मफलर निघायचा तो होळीपर्यंत गळ्यात. नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "केळकर, तुम्ही आजारी आहात, की नुसतेच पुणेकर?"

"थंडी वाजतेय हो बाई."

"वाजू द्या की. तिचं ते काम आहे. तुमच्या पेशींना त्यांचं काम करू द्या. स्वेटर म्हणजे आळशी पेशींची पेन्शन. तिशीत पेन्शन घेणारा मनुष्य मी पहिल्यांदाच पाहते."

रशीदा तांबोळी हे त्यांचं पूर्ण नाव. घराणं पुण्यातलं, पाच पिढ्यांचं. मराठी अशी, की आमच्या मराठीच्या विभागप्रमुखांनी त्यांच्यासमोर बोलताना दोनदा विचार करावा. अंगकाठी मुठीत मावेल एवढी. बारा महिने सुती साडी आणि अर्ध्या बाहीचा ब्लाउज. जेवण मात्र बघत राहावं असं. दोन डबे आणायच्या, एक अकरा वाजताचा आणि एक दोन वाजताचा, आणि मधल्या वेळात आमच्या डब्यांची पाहणी करायच्या. एवढं जातं कुठे, असं कोणी विचारलं की डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणायच्या, "जळतं."

एका वर्षी कॉलेजची तपासणी करायला समिती आली. जानेवारी महिना होता. प्राचार्यांनी त्यांना मोठ्या मानानं स्टाफरूममध्ये बसवलं. दहा मिनिटांत समितीच्या अध्यक्षांनी खिडकी लावायला सांगितली. बाई म्हणाल्या, "कडी नाही." मग कुडकुडणाऱ्या त्या तीन वयस्क माणसांना त्यांनी, आपल्या अंगात उष्णता कशी तयार होते, हे समजावून सांगायला सुरुवात केली. अर्ध्या तासात तपासणी संपली. शेऱ्यात 'सर्व काही उत्तम' असं लिहून मंडळी उन्हात जाऊन उभी राहिली. त्यानंतर कोणतीही समिती आली की प्राचार्य तिला स्टाफरूममध्येच बसवत, आणि हिवाळ्यातच बोलावत.

बाईंचं सगळं शिकवणं एका विषयापाशी येऊन थांबायचं. तो विषय म्हणजे तपकिरी चरबी. त्यांचा तास मी शेजारच्या वर्गातून कितीतरी वेळा ऐकला आहे, कारण बाईंचा आवाज भिंतीला जुमानत नसे. "आपल्या अंगात चरबी दोन प्रकारची. पांढरी चरबी म्हणजे माळ्यावरचं सामान. कधीतरी लागेल म्हणून ठेवलेलं आणि कधीच खाली न काढलेलं. तपकिरी चरबी म्हणजे बंब. न्हाणीघरातला पाणी तापवायचा तांब्याचा बंब माहीत आहे ना? तोच. ती साठवत नाही, जाळते. बाहेर थंडी पडली की हा बंब पेटतो आणि अंग तापवतो. प्रत्येक तान्ह्या बाळाच्या मानेखाली, दोन खांद्यांच्या मधे, तो असतो. कारण बाळाला कुडकुडता येत नाही."

इथपर्यंत पुस्तक आणि बाई यांचं एकमत होतं. पुस्तकातलं पुढचं वाक्य असं होतं, की मूल मोठं झालं की ही चरबी नाहीशी होते, प्रौढ माणसात ती नसते.

हे वाक्य आलं की बाई खडू खाली ठेवायच्या. "नाहीशी होते म्हणजे काय होतं? कोण नेतं? भंगारवाला?"

बाईंच्या या अविश्वासाला कारण होतं. त्यांचे धाकटे भाऊ हमीदभाई यांचं गुलटेकडीला मार्केट यार्डाजवळ कोल्ड स्टोरेज होतं. तिथे सखाराम नावाचा हमाल पंधरा वर्षं काम करत होता. तीन डिग्रीच्या चेंबरमध्ये हा मनुष्य नुसत्या बनियनवर बटाट्याच्या गोण्या रचायचा. कुडकुडत नसे. एका वेळेला सात भाकरी खायचा आणि काडीसारखा होता. बाईंनी एकदा त्याच्या गळ्यापाशी, कॉलरच्या हाडाच्या वरच्या खळगीत, बोटं लावून पाहिली. खळगी गरम होती. बाईंच्या दृष्टीनं तिथेच निकाल लागला. सखारामच्या अंगातला बंब कोणी नेला नव्हता. तो रोज पेटत होता.

तेव्हापासून बाई वर्गातल्या मुलींना दहा मिनिटं उघड्या खिडकीशी उभं करायच्या आणि एकमेकींच्या गळ्याच्या खळगीत बोटं लावायला सांगायच्या. बाहेरून जाणाऱ्या माणसाला वाटावं, हा वर्ग एकमेकींचे गळे दाबतोय.

या वर्गात मंदा होती. बिबवेवाडीची, शेतकऱ्याची मुलगी. बिबवेवाडीत तेव्हा खरोखरीची शेती होती, आणि मंदा भाजीच्या टेम्पोतून मार्केट यार्डापर्यंत यायची, तिथून पुढे सायकलवर. वेणीत हमखास मेथीचं एखादं पान अडकलेलं. हुशार होती आणि हट्टी होती. तिला एम. एस्सी. करायचं होतं आणि बाईंसारखं शिकवायचं होतं. त्यासाठी शेवटच्या वर्षी फर्स्ट क्लास हवा होता.

परीक्षेत नेमका तपकिरी चरबीवर प्रश्न आला. मंदानं लिहिलं, 'ही चरबी प्रौढ माणसातही असते आणि थंडीत जागी होते.' पेपर तपासणाऱ्यांनी पुस्तकाप्रमाणे तपासला आणि मार्क कापला. एक मार्क. निकाल लागला तेव्हा मंदाचा फर्स्ट क्लास एका मार्कानं गेला होता. फेरतपासणीचा अर्ज केला. उत्तर आलं, बदल नाही.

दुसऱ्या दिवशी मंदाचे वडील स्टाफरूममध्ये आले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. धोतर, टोपी, आणि हातात वांग्यांची पाटी. पाटी त्यांनी माझ्या टेबलावर, तपासायच्या वह्यांवर ठेवली आणि बाईंसमोर उभे राहिले.

"नमस्कार बाई. म्या मंदीचा बाप."

"बसा ना अण्णा."

"बसत न्हाई. एकच इचारायचं हाय. पोरीनं लिवलं त्ये तुमी शिकवल्यालंच लिवलं ना?"

"हो."

"मंग त्ये खरं हाय का खोटं?"

"खरं आहे."

"खरं हाय तर मंग मार्क कुठं हाय?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मार्क अडकलाय, अण्णा. मी सोडवून आणते."

"कवा?"

"ते आज सांगता येणार नाही."

अण्णांनी जरा विचार केला. "बरं. आमची घाई न्हाई. पर आणा म्हंजी झालं." पाटी तिथेच ठेवून ते गेले. बाईंनी एक वांगं उचललं, परत ठेवलं, आणि त्या दिवशी दुसरा डबा उघडलाच नाही.

मंदा पुढे शिकली नाही. मार्केट यार्डात अण्णांनी कांदा-बटाट्याचा गाळा घेतला होता, तिथे ती वडिलांना हातभार म्हणून बसू लागली. आणि तांबोळी बाईंनी तो एक मार्क सोडवण्याची मोहीम काढली.

मोहीम म्हणजे पुरावा गोळा करणं. त्या काळी माणसाला न कापता त्याच्या आतला बंब दिसण्याची सोय आमच्यापाशी नव्हती. होते ते माझे थर्मामीटर. माझ्या प्रयोगशाळेत सहा उत्तम थर्मामीटर होते आणि मी ते विद्यार्थ्यांनाही हात लावू देत नसे. बाईंनी ते मागितले. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या खिडकीची दुसरी झडपही उघडी राहू लागली. तिसऱ्या दिवशी मी थर्मामीटर घेऊन स्वतःहून गेलो.

प्रयोग साधा होता. काही मोठ्या माणसांना दोन महिने रोज सकाळी तासभर चेंबरमध्ये बसवायचं आणि गळ्याच्या खळगीत थर्मामीटर बांधून आकडे घ्यायचे. बाकीची कातडी थंड पडली आणि ती एक जागा गरम राहिली, तर खाली बंब आहे. आणि रोजच्या थंडीनं तो दिवसेंदिवस जास्त पेटत गेला, तर प्रश्नच मिटला. चेंबर हमीदभाईंचं. माणसं आणायची कुठून, हा प्रश्न होता.

हमीदभाई म्हणजे बहिणीचं बरोबर उलटं चित्र. त्यांचं वजन गोण्यांच्या काट्यावर करावं लागे. ते म्हणाले, "आपा, मी बसतो की. पण वजन उतरलं पाहिजे हां. डॉक्टरनं माझी बिर्याणी बंद केलीय."

"हमीद, मी वजनाचं काही बोललेले नाही. मी बंबाचं बोलतेय."

"पण बंबात लाकूड माझंच जाणार ना?"

या प्रश्नावर शास्त्राकडे उत्तर नव्हतं. बाई गप्प राहिल्या, आणि त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ हमीदभाईंनी सोयीनं घेतला. चार दिवसांत सगळ्या मार्केट यार्डात झालं, की तांबोळींच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नुसतं बसून पोट उतरतं. गुळाचे व्यापारी आले, कांद्याचे आले, मिरचीचे आले. त्यातले तेरा बाईंनी निवडले. हमीदभाई धरून चौदा. तुलनेसाठी सखाराम.

तो पहिला दिवस मी विसरणं शक्य नाही. सकाळचे सात. बटाट्याच्या गोण्यांच्या थप्प्या छतापर्यंत, आणि मधल्या मोकळ्या जागेत लाकडी खुर्च्यांवर बनियन घातलेले चौदा प्रतिष्ठित व्यापारी, गळ्याला पट्टीनं थर्मामीटर बांधलेले. तोंडातून वाफा निघताहेत. मिरचीवाले शेठ अंगाला बाजार घेऊनच आले होते, त्यामुळे दर दोन मिनिटांनी कोणीतरी शिंकत होतं. मधे सुती साडीत तांबोळी बाई, हातात वही. आणि कोपऱ्यात मी, दोन स्वेटर, कानटोपी आणि मफलर अशा थाटात.

"केळकर, आकडा?"

"वाचता येत नाही बाई, चष्म्यावर वाफ येतेय."

"श्वास घेऊ नका थोडा वेळ."

पहिला आठवडा मंडळी नुसती कुडकुडली. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र ती चांगली रमली. सात वाजता यायचं ठरलं असताना साडेसहालाच हजर राहू लागली. बाईंना याचं फार कौतुक वाटलं. आकडेही सुधारायला लागले. खळगीतलं तापमान रोज थोडं थोडं चढू लागलं, कुडकुडणं बंद झालं. बाई वहीत आलेख काढायच्या आणि ती वर जाणारी रेघ मला पुन्हा पुन्हा दाखवायच्या. "बंब पेटताहेत, केळकर. चौदाच्या चौदा." त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद असे तो मी फार कमी माणसांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे, आणि शिक्षकांच्या तर नाहीच.

वजनं मात्र वाढत होती. थंडीत भूक लागते. बाहेर पडल्यावर ही मंडळी थेट समोरच्या हॉटेलात शिरायची आणि तासाभराच्या तपश्चर्येचं फळ म्हणून दोन-दोन मिसळी आणि वर जिलबी खायची. हमीदभाई चार किलोंनी वाढले. "आपा, लाकूड बाहेरून येतंय का?" त्यांनी काळजीनं विचारलं.

दोन महिने पुरे झाले. बाईंनी निबंध लिहून काढला. तो एका शास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवायचा होता, आणि तो छापून आला की त्याची प्रत जोडून मंदाच्या मार्कासाठी पुन्हा अर्ज करायचा होता. दोन्ही पाकिटं तयार होती, तिकिटंसुद्धा चिकटवलेली. त्या सकाळी हमीदभाई स्टाफरूममध्ये धापा टाकत आले.

"आपा, बटाटे उगवले."

चेंबरमधले बटाटे शेतकऱ्यांचे बियाण्याचे होते. थंडीत झोपून राहावेत म्हणूनच ते तिथे ठेवलेले. आम्ही धावत गेलो. गोण्यांच्या जाळीतून पांढरे कोंब बोटबोट बाहेर आले होते. हमीदभाई कपाळाला हात लावून बसले. बाईंना मात्र उचंबळून आलं. "अरे हमीद, रडतोस काय! चौदा माणसांनी एवढी उष्णता निर्माण केली, की चेंबर तापलं! याहून मोठा पुरावा कोणता पाहिजे?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण पदार्थविज्ञानाची सवय वाईट. मी गोण्यांभोवती हिंडलो. कोंब सगळीकडे नव्हते. एकाच कोपऱ्यात होते आणि त्या कोपऱ्यापासून दूर जावं तसे कमी होत गेले होते. मी सखारामला हाक मारली आणि कोपऱ्यातल्या चार गोण्या बाजूला करायला लावल्या. मागे रॉकेलचा स्टोव्ह निघाला. पातेलं, गाळणं, साखरेचा डबा आणि पंधरा कप.

चौदा पुणेरी व्यापारी एकत्र बसणार आणि चहा होणार नाही, ही शक्यता शास्त्रानं गृहीत धरायला नको होती. मंडळी साडेसहाला यायची ती यासाठी. दार किलकिलं ठेवायचं, स्टोव्ह पेटवायचा, आल्याचा चहा आधी एक-एक, मग दोन-दोन कप प्यायचा आणि सात वाजता आम्ही यायच्या आत स्टोव्ह गोण्यांमागे ढकलायचा. गळ्याच्या खळगीत जी ऊब रोज चढत होती ती चहाची होती.

"सखाराम, तूसुद्धा?" बाईंनी विचारलं.

सखारामनं मान खाली घातली. "एक कप मलाबी द्यायचे, बाई. न्हाई कसं म्हनायचं?"

आम्ही कॉलेजात परत आलो. बाई खुर्चीवर बसल्या. समोर ती दोन पाकिटं. मला फार वाईट वाटत होतं, म्हणून मी आयुष्यातला सर्वांत वाईट सल्ला दिला. म्हटलं, "बाई, बंब असतीलच ना आत. तुमचं म्हणणं खरंच आहे. चहाचं कुणाला कळणार आहे? पाठवून द्या."

बाईंनी दोन्ही पाकिटं बाजूला सारली. रागानं नाही. "मंदानं खरं लिहिलं म्हणून तिचा मार्क गेला, केळकर. तो आणायला मी खोटं लिहू?" मग वही उघडली, पहिल्या पानावर तांबड्या शाईनं आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'प्रयोग रद्द. कारण : चहा.' सही केली, तारीख घातली. खिडकीतून वारा येत होता. मी मफलर सोडला आणि त्या दिवशी पुन्हा बांधला नाही. का, ते मला सांगता येणार नाही.

कोंब आलेले बटाटे अण्णांनी नेले. "उगवल्यालं हायती तर लावून टाकू," म्हणाले, आणि बिबवेवाडीच्या रानात लावून मोकळे झाले. तीन-साडेतीन महिन्यांनी एक गोणी स्टाफरूमच्या दारात येऊन पडली. मागून अण्णा. "बाई, तुमच्या परयोगाचं पीक आलंया. मार्काचं काय झालं?"

"प्रयत्न चालू आहे, अण्णा."

"चालू द्या, चालू द्या."

दर वर्षी अण्णांचा एक फेरा व्हायचा. कधी वांगी, कधी गवार, आणि तोच प्रश्न. ते गेले त्या वर्षीसुद्धा हुरडा घेऊन आले होते.

बाईंनी पुढे निवृत्त होईपर्यंत तो धडा शिकवला. पण एक फरक पडला. त्या वर्गाला सांगायच्या, "आता लिहून घ्या. प्रौढ माणसात तपकिरी चरबी नसते. परीक्षेत हेच लिहायचं. एकही मार्क जाता कामा नये." हे वाक्य सांगताना त्या मुलींकडे बघत नसत, खिडकीकडे बघत, असं मुली सांगत. भिंतीपलीकडून मला ते दर वर्षी ऐकू यायचं आणि दर वर्षी मला लाज वाटायची. जणू ते वाक्य मीच त्यांना लिहून दिलं होतं.

निवृत्तीच्या दिवशी बाईंनी कपाटातली कडी काढून माझ्या हातात ठेवली. "घ्या. आता बसवा हवी तर." मी ती बसवली नाही.

वर्षं गेली. मीही निवृत्त झालो. एका जानेवारीत सकाळी फोन आला. "केळकर, रिक्षा घेऊन या. ताबडतोब." बाईंनी तेव्हा पंचाहत्तरी ओलांडली होती. मी गेलो तर दारात त्यांना ओळखलंच नाही. अंगावर दोन स्वेटर, वर शाल, डोक्याला कानटोपी. मी उभाच राहिलो.

"बघताय काय? पेन्शन सुरू झाली," बाई म्हणाल्या आणि हातातला कागद माझ्यासमोर धरला. एका भाचीनं इंटरनेटवरून छापून दिलेला लेख होता. बाईंनी तो रिक्षात बसल्या बसल्या मला पाठ म्हणून दाखवला. मोठ्या इस्पितळांत कर्करोग शोधायला एक यंत्र वापरतात. त्यात अंगातल्या जास्त काम करणाऱ्या जागा उजळून दिसतात. डॉक्टरांना कितीतरी पेशंटांच्या मानेत आणि कॉलरच्या हाडापाशी उजळ ठिपके दिसत. रोग तर नसे. खोली थंड असली की ठिपके जास्त, पेशंटला ब्लँकेट दिलं की गायब. शेवटी नीट तपासून पाहिलं. तपकिरी चरबी. मोठ्या माणसांत. जिवंत आणि थंडीत पेटणारी.

"म्हणजे बघा," बाई म्हणाल्या, "पुरावा समोर दिसत होता आणि हे लोक त्याच्यावर ब्लँकेट घालत होते!"

"वजनाचं काय म्हणतात?" मी विचारलं.

"फारसं काही उतरत नाही म्हणे. हमीदला कळवू नका."

मार्केट यार्डात लिलाव ऐन रंगात होता. कांद्याच्या ढिगाशी पन्नाशीची एक दणकट बाई उभी होती. आवाज असा, की चार गाळ्यांपलीकडचा भाव तिनं ठरवावा. मंदा. बाई थेट ढिगापर्यंत गेल्या. "मंदा, लिलाव थांबव."

अख्ख्या मार्केट यार्डात असं सांगायची कोणाची छाती नव्हती. मंदानं वळून पाहिलं, कानटोपीखालचा चेहरा ओळखला आणि हात वर केला. लिलाव थांबला. बाईंनी पर्समधून वहीचं एक घडी केलेलं पान काढून तिला दिलं. मी खांद्यावरून वाचलं. 'मंदाचं उत्तर बरोबर आहे. एक मार्क. विलंबाबद्दल दिलगीर आहे. र. तांबोळी.' मागे लेख जोडला होता.

मंदानं तो कागद दोनदा वाचला. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि तिसऱ्यांदा वाचला. मग तशीच ओल्या आवाजात बाजाराकडे वळून ओरडली, "आरं ऐका! मला फर्स्ट क्लास मिळाला!"

काय झालंय ते कोणालाच कळलं नाही. तरी हमालांनी टाळ्या वाजवल्या.

"काठावर आहे," बाई म्हणाल्या. "फार मिरवू नकोस."

"अण्णा पायजे होते, बाई."

"हो," बाई म्हणाल्या. "उशीर झाला मला."

मंदानं बाईंच्या शालीत हात घातला आणि वर्गात शिकली होती तशी दोन बोटं त्यांच्या गळ्याच्या खळगीत लावली. बाईंनी लावू दिली. "थंड लागतंय, बाई."

"लागणारच. वय झालं की बंब विझत जातो. तेही या लेखात आहे. म्हणजे माझं तेवढं एक चुकलं. भंगारवाला येतो, फक्त उशिरा येतो."

परत येताना बिबवेवाडीवरून घ्या, म्हणाल्या. जिथे बटाटे लावले होते तिथे आता सात मजली इमारती होत्या. बाईंनी एकदा पाहिलं. रिक्षात वारा भणाणत होता. मी नेहमीच्या सवयीनं मफलर ओढून बसलो होतो, पण तक्रार करायची छाती नव्हती. तीस वर्षं नव्हती, आता कुठून येणार?

स्वारगेट गेल्यावर बाईंनी माझ्या बाहीला हात लावला. "केळकर, तुमच्या बाजूचा तो पडदा जरा खाली सोडता का?"

मी पडद्याची दोरी सोडवायला लागलो.

"पूर्ण नको हो," बाई म्हणाल्या. "अर्धाच सोडा."